चार पाच हरवले

"प्रोग्राम पडला," असं मी फोनवर कुणाला सांगत असलो की आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, "लागलं का रे कुणाला?" पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे आणि पंचवीस वर्षं तिचा प्रश्न तोच आहे. सुरुवातीला मी हसायचो. आता वाटतं, आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच निघाला असता तर वातावरण जरा बरं राहिलं असतं. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "काल कोणी काय बदललं?" आणि त्यावर बारा जणांचं एकमुखी उत्तर येतं, "मी नाही." एरवी या बारा जणांचं चहा कुठून मागवायचा यावरसुद्धा एकमत होत नाही.

ही हकीकत २०२२ सालची. हिंजवडीतल्या एका इमारतीत आमचा एक हिशेबाचा प्रोग्राम होता. होता म्हणजे आहे. असे प्रोग्राम मरत नाहीत, नुसते पडतात. सी भाषेत लिहिलेला, आणि नोकरीत मला सीनियर. प्रत्येक गिऱ्हाइकाचे कर वेगळे, सवलती वेगळ्या, पैसे पूर्णांकात करायची पद्धत वेगळी. म्हणून मूळ प्रोग्राम एकच आणि गिऱ्हाइकागणिक एकेक प्लगिन, अशी रचना कुणीतरी शहाण्याने करून ठेवली होती. प्रोग्राम सुरू झाला की गिऱ्हाइकाचं नाव बघायचा, चालता चालताच त्या नावाचा प्लगिन उघडायचा, त्यातलं हवं ते फंक्शन शोधायचा आणि त्याला कामाला जुंपायचा. उघडण्याच्या क्रियेचं नाव डीएलओपन, शोधण्याच्या क्रियेचं डीएलसिम, काम झाल्यावर निरोप द्यायचा तर डीएलक्लोज, आणि काही बिनसलं तर कारण विचारायला डीएलएरर.

हे सगळं मी एकदा आईला समजावून सांगायला गेलो. प्लगिन म्हणजे मुळात शेअर्ड लायब्ररीच, आणि तिला मराठीत काय म्हणावं ते चटकन सुचेना, म्हणून 'सामायिक ग्रंथालय' म्हणालो. तिने विचारलं, "वर्गणी किती?"

मग मी तिच्या माहेरच्या वाड्याचा आधार घेतला. "तुमच्या वाड्यात एक मोठं पितळी पातेलं होतं ना, सगळ्यांत मिळून?" होतं. मंगळागौर असो, मुंज असो, ज्याच्या घरी कार्य तो ते न्यायचा. प्रत्येक बिऱ्हाडाने वर्षातून एकदा लागणारं पातेलं विकत घ्यायचं तर बिऱ्हाडात माणसं कुठे बसणार? कॉम्प्युटरमध्येही मेमरी सोन्याच्या भावाची होती तेव्हा लोकांनी हाच हिशेब केला. प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात तेच तेच सामान कोंबण्यापेक्षा एकच नग ठेवा आणि सगळ्यांनी वापरा. कल्पना साठच्या दशकातल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासूनची, पण सन कंपनीने १९८८ साली सनओएस ४ मध्ये ती घरोघर पोचवली. लिनक्सवर सुरुवातीला तर प्रत्येक लायब्ररीला मेमरीतला ठरावीक पत्ता नेमून दिलेला असायचा आणि कुठली जागा कुणाची याची यादी माणसांनी हाताने सांभाळायची. थोडक्यात सातबारा. १९९५च्या आसपास नवी पद्धत आली आणि जागेचे तंटे मिटले. पातेल्याचे राहिले.

"पण पातेलं मालकांकडे असायचं आणि झाकण माडीवरच्या बिऱ्हाडात," आई म्हणाली.

मी थक्क झालो. अर्धा धंदा तिने एका वाक्यात सांगितला होता. आमच्याकडे एक लायब्ररी उघडायला गेलं की ती सांगते, माझं झाकण अमक्या लायब्ररीत आहे. ती उघडा, तर तिचा डाव तिसरीकडे. आता झाकण आहे की नाही ते पातेलं आणतानाच बघून घ्यायचं की भात उकळायला लागल्यावर, हा निर्णय डीएलओपनला आधी कळवावा लागतो. आधी बघण्याला 'नाऊ' म्हणतात, मग बघण्याला 'लेझी'. आमच्या प्रोग्राममध्ये काय होतं ते सांगायला नकोच. आणि मुळात डीएलओपन म्हणजे पंगत बसली, पानावर मीठ-लिंबू वाढून झालं, की पातेलं आणायला माणूस पाठवणं. हे ऐकून आई म्हणाली, "तुमच्यात कुणी बाईमाणूस नाही वाटतं."

वाड्याचा विषय निघालाच आहे तर बंड्याचं सांगतो. आईच्या वाड्यात तीन बंड्या होते. कुणीही "बंड्याऽ" म्हणून हाक मारली की अंगणाच्या सगळ्यांत जवळ असेल तो बंड्या धावत यायचा. मागच्या चौकातल्या आजी आपल्या नातवाला दूध प्यायला बोलवायच्या आणि पुढच्या चौकातला बंड्या ते पिऊन जायचा. आमच्या एका प्लगिनमध्ये रक्कम पूर्णांकात करणारं एक फंक्शन होतं, आणि नेमकं त्याच नावाचं फंक्शन मूळ प्रोग्रामातही होतं. लिनक्सचा नियम असा की नावाची हाक आली की ठरलेल्या क्रमाने शोधायचं आणि पहिला सापडेल तो धरून आणायचा. क्रमात मूळ प्रोग्राम पुढे. त्यामुळे प्लगिनने स्वतःच्या घरात, स्वतःच्या बंड्याला हाक मारली तरी अंगणातला बंड्या येऊन दूध पिऊन जात होता. त्या गिऱ्हाइकाला दोन महिने दुसऱ्याच्या नियमाने बिलं गेली. यावरचा इलाज वाड्याने शोधला तोच: 'माडीवरचा बंड्या' असं लांब नाव ठेवायचं, नाहीतर आपल्या बंड्याला उंबऱ्याबाहेर दिसूच द्यायचं नाही. सी प्लस प्लसवाले तर बंड्याला गोत्र, नक्षत्र आणि मामाच्या गावासकट हाक मारतात. फंक्शनला कुठल्या जातीचे आकडे लागतात हेसुद्धा त्यांच्याकडे नावातच गुंफलेलं असतं, आणि नुसतं "बंड्या" म्हणून शोधलं तर "असं कुणी इथे राहत नाही" एवढंच कळतं.

डीएलक्लोजचं दुखणं वेगळं. तुम्ही लायब्ररीला निरोप देता, ती आपलं चंबूगबाळं आवरून मेमरीतून उठते. पण तिच्यातल्या एखाद्या फंक्शनचा पत्ता कुणीतरी खिशात ठेवलेला असतो. तो दहा मिनिटांनी त्या पत्त्यावर जातो. पुण्यात आता हे सगळ्यांना समजतं: पेठ बरोबर, गल्ली बरोबर, घर नंबर बरोबर, आणि वाड्याच्या जागी बिल्डरचा खड्डा. अशा वेळी कोण मेलं ते तपासायला गेलं तर फंक्शनच्या नावाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं येतात. ज्याचं नाव सांगायचं ते घरच उरलेलं नसतं. मसल नावाची एक सी लायब्ररी आहे, तिच्या कर्त्यांनी यावर जो उपाय काढला तो मला फार आवडतो. त्यांचं डीएलक्लोज काहीच करत नाही. निघतो निघतो म्हणायचं आणि बसून राहायचं. मराठी पाहुण्यांचं निरीक्षण केल्याशिवाय हे सुचणं कठीण आहे.

पण आमचा प्रोग्राम यांपैकी कशानेच पडला नव्हता.

झालं असं की जुना सर्व्हर म्हातारा झाला आणि नवा आला. प्रोग्राम नव्या सर्व्हरवर नव्याने कंपाइल केला, चालवला. प्लगिन उघडला. लॉगमध्ये तशी ओळही आली, 'प्लगिन उघडला'. आणि पुढच्या क्षणी 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड'. जुन्या सर्व्हरवर तोच प्रोग्राम, तोच प्लगिन, सुखाने चालत होता. "माझ्या मशीनवर चालतंय," हे वाक्य त्या दिवशी आमच्या मजल्यावर इतक्या वेळा उच्चारलं गेलं की त्याचा नामजप म्हणून काही उपयोग असता तर प्रोग्राम आपोआप उठून बसला असता.

सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे प्रोग्रामने आपल्या मालकीच्या नसलेल्या जागेत पाय टाकला आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला जागच्या जागी खलास केलं. सूचना नाही, नोटीस नाही. शिक्षेचा क्रमांक ११. मरताना प्रोग्रामच्या डोक्यात काय चाललं होतं त्याचा पंचनामा एका फाइलमध्ये राहतो, त्याला 'कोअर' म्हणतात. मेमरी चुंबकाच्या बारीक कड्या ओवून करत त्या काळातलं नाव. कड्या कधीच गेल्या, पंचनाम्याला नाव राहिलं. हा पंचनामा जीडीबी नावाच्या प्रोग्रामपुढे ठेवला की तो सांगतो, मृत्यू कुठे झाला, तिथे कोण कुठून आलं होतं, त्याला कुणी पाठवलं होतं.

मृत्यू डीएलसिमच्या आत झाला होता. म्हणजे ग्लिबसीच्या घरात.

ग्लिबसी ही लिनक्सची मुख्य सी लायब्ररी. लिनक्सवरचे बहुतेक सगळे प्रोग्राम तिच्या मांडीवर बसून चालतात. प्रेत तिच्या स्वयंपाकघरात सापडलं म्हटल्यावर आमच्या बारा जणांच्या चेहऱ्यावर जो तजेला आला तो मी वर्षभराच्या पगारवाढीतही पाहिला नव्हता. आपण सुटलो! चूक सिस्टिमची! एकाने तर पुरावाच काढला. डीएलओपन आणि मंडळी पूर्वी स्वतंत्र लायब्ररीत राहायची. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.३४ मध्ये त्यांना मुख्य घरात हलवलं. "बघा! घर बदललं आणि वर्षाच्या आत घात." जुन्या सर्व्हरवर जुनी ग्लिबसी, नव्यावर नवी. खटला उभा राहिला.

दुसऱ्याने तर आरोपीचा पूर्वेतिहासच मांडला. २०१० साली लिनक्सची फेडोरा १४ ही आवृत्ती आली तेव्हा फ्लॅश प्लेअरमधला आवाज अचानक खरखरायला लागला होता. कारण ग्लिबसीने मेमकॉपी हे मेमरीतलं सामान इथून तिथे नकलणारं फंक्शन काही प्रोसेसरांसाठी वेगवान केलं होतं आणि ते आता शेवटाकडून नक्कल करत होतं. लोकलच्या बाकावरची माणसं एक जागा सरकवायची असतील तर आधी कडेच्या माणसाने सरकायचं असतं. उलट्या टोकाने सुरुवात केली की पहिलाच माणूस दुसऱ्याच्या मांडीवर. साक्षात लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स त्या तक्रारीत उतरला होता आणि त्याचं म्हणणं, चालणाऱ्या प्रोग्रामांचा आवाज बिघडवून कसला वेग मिळवता? पुढे २०११ मध्ये ग्लिबसीने जुन्या प्रोग्रामांना जुनं मेमकॉपी आणि नव्यांना नवं, अशी वाटणी करून दिली.

"म्हणजे हिची ही सवयच आहे," असा निष्कर्ष आमच्या सभेत निघाला. सांगणाऱ्याने एक गोष्ट मात्र गाळली होती, आणि मलाही ती नंतर आठवली. मेमकॉपीच्या नियमातच लिहिलंय की जुनी आणि नवी जागा एकमेकींवर येत असेल तर मला बोलावू नका, त्यासाठी मेममूव्ह आहे. फ्लॅशने वर्षानुवर्षं तो नियम मोडला होता आणि त्याचं चालून गेलं होतं. मुडदा एका घरात पडला होता आणि पाप दुसऱ्या घरचं होतं. पण सभेत एकदा आरोपी ठरला की त्याच्या बाजूचं कोण आठवतो?

पुढचे अकरा दिवस आम्ही ग्लिबसीला शिव्या देत काढले. मधूनमधून कामही केलं. प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणाऱ्या डायनॅमिक लिंकरला 'तू काय काय करतोस ते बोलत बोलत कर' असं सांगायची एक सोय आहे. ती चालू केल्यावर तो जे बोलायला लागला ते थांबेचना. कुठल्या फोल्डरात डोकावलो, कुठल्या नावाला कुठे शोधलं, कोण सापडलं. लांबच्या प्रवासात शेजारी बसलेल्या गृहस्थांसारखं, सगळं खरं आणि उपयोगाचं एकही नाही.

मग डीएलएररला विचारून बघू म्हटलं. लॉगमध्ये उत्तर आलं, 'एरर: (नल)'. म्हणजे चूक आहे, पण चूक काही नाही. अर्धा दिवस डोकं फोडल्यावर कळलं की डीएलएरर कारण एकदाच सांगतो. सांगितलं की विसरतो. आमच्या कोडमध्ये पहिल्यांदा विचारलं होतं, "काही चूक आहे का?" तो म्हणाला, "आहे, अमुक अमुक." ते ऐकून न ऐकल्यासारखं करून दुसऱ्या ओळीत पुन्हा विचारलं होतं, "मग काय चूक आहे?" त्यावर तो म्हणाला, "कुठली चूक?" 'चौकशी एकदाच करावी, उत्तर एकदाच मिळेल' ही पाटी त्याच्या माहितीपत्रकात खरोखर लावलेली आहे. आम्ही पुण्यात राहून पाटी वाचली नाही, याचं जास्त वाईट वाटलं. शिवाय ती चूक निघाली भलत्याच प्लगिनची.

पंचनामे तर बुवाबाजीच्या वळणावर गेले. प्लगिन उघडल्यावर डीएलओपन एक हँडल देतो, म्हणजे मेमरीतला एक पत्ता, आणि तो दाखवून डीएलसिमकडे काम करून घ्यायचं असतं. आमच्या निम्म्या कोअर फाइलींत या पत्त्याच्या डोक्यावर एफ-एफ-एफ-एफ अशी रांग होती आणि निम्म्यांत शून्यं. कुणी म्हणालं, हार्डवेअर. कुणी म्हणालं, मेमरीची पट्टी सैल आहे. सर्व्हर भाड्याचा, परदेशातला. पट्टी दाबायला कोण जाणार? अनुभवी माणूस म्हणून माझ्याकडे बघायची पद्धत होती. मी आठ आकडी पत्त्यांवरून नजर फिरवली आणि म्हणालो, "पत्ते ठीक दिसताहेत." वीस वर्षं मी या प्रोग्रामचे सात-आठ आकडीच हँडल बघत आलो होतो.

बाराव्या दिवशी इंटर्न मुलगी पुढे आली. साताऱ्याकडची, सहा महिन्यांसाठी आलेली. पहिले दोन आठवडे तिला लॉगिनच मिळालं नव्हतं, त्यामुळे आमच्या सिद्धान्तांची लागण तिला झाली नव्हती. तिच्या हातात गणिताची चौकटींची वही होती. तिने प्रोग्राम जीडीबीत चालवून, हँडल जिथे जन्मतो तिथला आकडा आणि जिथे पोचतो तिथला आकडा, असे दोन्ही चौकटीत एकेक अंक घालून एकाखाली एक लिहिले होते.

"सर, यात चार पाच कमी आहेत."

"चार-पाच काय कमी आहेत?"

"पाच, सर."

"अगं, चार की पाच?"

"चार."

"मग पाच का म्हणालीस?"

"पाचच कमी आहेत, सर. चार."

एवढ्यात आमचे मॅनेजर आले. त्यांना आकडा ऐकू आला की ते थांबतातच. "अंदाज नको," ते म्हणाले, "नक्की सांग. चार धरायचे की पाच?"

तिने काही न बोलता वही आमच्याकडे फिरवली. वर लिहिलं होतं ५५५५५५५५९७२०. खाली लिहिलं होतं ५५५५९७२०. खालच्या ओळीत पहिल्या चार चौकटी रिकाम्या होत्या.

चार पाच कमी होते.

अकरा दिवस हे दोन्ही आकडे आम्ही बाराही जणांनी पडद्यावर पाहिले होते. पाचांची ती रांग इतकी लांब की डोळा पहिल्या तिघांना रामराम करून थेट शेवटच्या ९७२० पाशी जायचा, आणि ते दोन्हीकडे तंतोतंत जुळायचे. यात पाचच का, असं मॅनेजरांनी विचारलं. (त्यांना वाटलं, कुणीतरी मुद्दाम घातले.) जीडीबीत प्रोग्राम चालवला की तो पत्त्यांची सरमिसळ बंद ठेवतो. मग अशा प्रोग्रामला लिनक्स मेमरीच्या उपलब्ध जागेच्या दोन तृतीयांशावर नेऊन बसवतो, आणि सोळाच्या अंकपद्धतीत तेवढ्या जागेचे दोन तृतीयांश काढले की पाचच पाच येतात. जीडीबीच्या बाहेर पत्ता दर वेळी वेगळा, पण तिथे आम्ही एफ आणि शून्यांत रमलो होतो.

आता चार पाच गेले कुठे? वही हातात आल्यावर उत्तराला दहा मिनिटं लागली. आमच्या प्रोग्रामात डीएलओपनला थेट कुणी हाक मारत नसे. मध्ये एक आमचंच छोटं फंक्शन होतं, 'प्लगिन_उघडा'. (लिहिणारा पुण्याबाहेरचा असावा. नाव आदरार्थी आहे.) हे फंक्शन पत्ता पूर्ण बारा आकडी परत देत होतं. पण ज्या फाइलीतून त्याला हाक मारली जाई, तिथे त्याची ओळखच करून दिलेली नव्हती. आणि जुन्या सी भाषेची रीत अशी की अनोळखी फंक्शन समोर आलं तर अडवायचं नाही, ते साधा पूर्णांक परत देतं असं धरून चालायचं. आपल्याकडे अनोळखी माणूस दारात दिसला की त्याला "काका" म्हणतात, तसंच. बहुतेक वेळा चालून जातं. पण हे काका ६४ बिटांचा पत्ता घेऊन आले होते आणि आमच्या पूर्णांकाची पिशवी ३२ बिटांची. खालचा अर्धा पत्ता पिशवीत बसला, वरचा उंबऱ्याबाहेर पडला. घर नंबर राहिला, गावाचं नाव गेलं. तो अर्धा पत्ता घेऊन बिचारं डीएलसिम भलत्याच गावातल्या त्याच नंबरच्या घरात शिरलं आणि मारलं गेलं. ते एफ आणि शून्यंही याच पिशवीतली. अर्ध्या पत्त्याचा पहिला बिट १ असेल तर मशीनला वाटतं आकडा ऋण आहे, आणि ते वरची मोकळी जागा एफने भरून काढतं. ० असेल तर शून्यांनी. म्हणून निम्मे असे, निम्मे तसे. मेमरीची पट्टी घट्टच होती.

मग जुन्या सर्व्हरवर इतकी वर्षं कसं चाललं? सुरुवातीच्या काळात पत्ताही ३२ बिटांचाच होता, पिशवीत नीट बसायचा. पुढे मशीन ६४ बिटांचं झालं तरी प्रोग्राम मेमरीच्या तळमजल्यावर ठरल्या जागी बसे आणि त्याचं हँडलही तिथेच जवळपास मिळे. पत्त्याचा वरचा अर्धा भाग नुसती शून्यं. ती गळून पडली तरी कुणाचं काय जातं? मग सुरक्षेसाठी नवी पद्धत रूढ झाली, की प्रोग्रामने एका जागी बसायचंच नाही, दर वेळी नव्या ठिकाणी बसायचं, म्हणजे चोराला पत्ता लागणार नाही. लिनक्सच्या अवतारांपैकी उबुंटूने २०१६ साली, डेबियनने २०१७ साली ही पद्धत सरसकट लागू केली. तिचं आद्याक्षरी नाव इंग्रजीत 'पाय' असं उच्चारतात. नव्या सर्व्हरवर कंपाइल करताना आमच्या प्रोग्रामला हे पाय फुटले, तो वरच्या मजल्यांवर भटकायला गेला, आणि शून्यांच्या जागी खरे आकडे आले. ते गळाल्यावर मात्र कळलं.

ग्लिबसी निर्दोष. तिची माफी मागावी असं मी सुचवलं. सभेला कोरम नव्हता.

"पण कंपायलरने काही सांगितलं नाही?" मॅनेजरांनी विचारलं. हा प्रश्न कुणी विचारू नये अशी माझी फार इच्छा होती. ओळख न देता फंक्शन वापरायची ती सवलत सी भाषेच्या १९९९ सालच्या नियमांतून काढून टाकली गेली आहे. जीसीसी कंपायलरने मात्र ती सरळ गुन्हा धरायला २०२४ उजाडलं, चौदाव्या आवृत्तीत. अतिक्रमणं हटवण्याच्या बाबतीत हा वेग आम्हा पुणेकरांना परका नाही. मधली पंचवीस वर्षं कंपायलर फार तर वॉर्निंग द्यायचा. 'अहो, या काकांची ओळख नाही', असं तो दर वेळी सांगत असणार.

"मग आपल्याला दिसली कशी नाही?"

मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा कंपाइल करायचा त्या सूचनांची फाइल, उघडली. तिच्यात कंपायलरला एक बारीकशी सूचना होती, वॉर्निंगा दाखवू नकोस. शेजारी शेरा होता, 'टेम्पररी'. ही ओळ कुणी घातली ते बघू, असं म्हणत इंटर्नने आज्ञा दिली. या आज्ञेचं नाव ब्लेम. फाइलीतली कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते ती नावनिशीवार सांगते.

पडद्यावर २००९ साल आलं आणि त्याच्या शेजारी माझं नाव.

"मी नाही," मी म्हणालो. पंचवीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. इंटर्नने वही मिटली. साताऱ्याकडची मुलं वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात.

दुरुस्ती एका ओळीची होती: 'प्लगिन_उघडा'ची रीतसर ओळख. प्रोग्राम उठला, हिशेब करायला लागला. घरी आल्यावर आईने विचारलं, "सापडलं का रे?" म्हटलं, "सापडले. चार पाच हरवले होते." ती म्हणाली, "चार की पाच?"

मॅनेजरांनी मात्र त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला इंग्रजीत पत्र पाठवून दिलं. इंटर्नच्या तोंडून त्यांनी जे ऐकलं होतं तेच इमानदारीने लिहिलं होतं, की सखोल तपासाअंती 'फोर-फाइव्ह' चुका सापडल्या असून त्या दूर करण्यात आल्या आहेत. सकाळी गिऱ्हाइकाचं आभाराचं उत्तर आलं. त्या चार-पाच चुकांची सविस्तर यादी शुक्रवारपर्यंत पाठवावी, असं त्यात होतं.

यादीचं काम माझ्याकडे आलं. मेकफाइलमधली ती 'टेम्पररी' ओळ मी लगेच काढली आणि सगळं नव्याने कंपाइल करायला लावलं. त्यानंतर खाली जाऊन चहा घेऊन आलो, येताना एक फोनही झाला. पडद्यावर वॉर्निंगा अजून सरकतच होत्या. म्हटलं, चार-पाच सहज निघतील.